बढती आणि पाण्याचा कॅन

बढती नको म्हणणारा माणूस बघितलाय का कधी? नसेल तर माझ्याकडं बघा.

दुष्काळाचं साल होतं, आमच्या गारखेड्यात नळ आठव्या दिवशी यायचा. आमची वाळूजची कंपनी तिच्या बसनं येणाऱ्या प्रत्येकाला घरी जाताना पिण्याच्या पाण्याचा एक कॅन द्यायची. त्यातच मला सुपरवायझर केलं. पत्रात विमा होता, मोबाइल होता, पेट्रोलभत्ता होता. पण सुपरवायझरनं स्वतःच्या गाडीनं यायचं, म्हणजे मला बस बंद, म्हणजे कॅनही बंद.

बायकोनं पत्र दोनदा वाचलं. म्हणाली, "पेट्रोल पिणार का आपण? उद्या जाऊन नाय म्हणा."

गेलो एचआरच्या साहेबांकडं, कॅनचं सगळं सांगितलं. साहेब चक्रावले. "एका कॅनसाठी बढती सोडता?"

"साहेब, माझं तर डोकंच चालंना. तुम्हीच सांगा, काय करू?"

त्यांनी चष्मा काढला, मला दार लावायला सांगितलं आणि हळूच म्हणाले, "मला काय विचारता? आमच्याकडं नळ दहाव्या दिवशी येतो. कंपनीची गाडी घरी लावून मी सोमवारपासून तुमच्याच बसनं येतोय. मागच्या सीटवर तोंडाला रुमाल बांधून बसतो ना, तो मीच."