टाळ्या ऐकू आल्या

[भर दुपार. कॉलेजात शिकणारी योगिनी शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका सरकारी कचेरीच्या पायरीवर, कानाला फोन. तिचे वडील आप्पा पैठणच्या पुढं, गोदाकाठी मेंढरांसोबत.]

योगिनी : आप्पा, मघापासून फोन चालूच होता?

आप्पा : चालूच की. तूच म्हनलीस ना, बैठकीत खिशात ठेवते, तुम्ही कानाला लावून बसा. टेकाडावर बसलो व्हतो, रेंज तिथंच येती. लई टाळ्या पडल्या पोरी.

योगिनी : काय काय आलं ऐकू?

आप्पा : खरखर लई व्हती. एक बाप्या बोलत व्हता, मग टाळ्या. म्हनलं झालं, आपल्या योगीनं सांगितलं. मेंढरांना बी सांगून टाकलं.

योगिनी : मेंढरांना?

आप्पा : मग दुसरं कोन हाय इथं? संगतीचा मेंढक्या पुंजाराम बी गेला गावाकडं, पंधरवडा झाला.

योगिनी : आप्पा, मी बोललेच नाही.

आप्पा : आन टाळ्या?

योगिनी : आमची नावं वाचली, त्याच्या. 'पर्यावरण धोरणात तरुणांचा आवाज' असा मोठा फलक लावला होता. एकेकाला उभं केलं, हातात रोपाची कुंडी दिली, फोटो काढला. मग साहेब बोलत बसले. मी हात वर केला तर म्हणाले, वेळ झाली, पुढच्या वेळी नक्की.

आप्पा : तळ्याचं सांगायचं व्हतं.

योगिनी : तेच तर पाठ करून गेले होते. आपल्या डोंगराखालच्या तळ्याला खुशाल तार घाला, बाग करा, पण मेंढरांना पाण्यापर्यंत वाट सोडा. एवढंच बोलायचं होतं आप्पा.

आप्पा : मग?

योगिनी : भिंतीवर नकाशा होता. तळ्याभोवती सगळा हिरवा रंग. तारेचं काम पावसाच्या आत उरकणार म्हणे. फिरायला येणाऱ्यांसाठी फाटक आहे, शहराच्या बाजूला.

आप्पा : आन आपल्या अंगाला?

योगिनी : नाही.

आप्पा : म्हंजी मेंढरांना वाटच न्हाई ठेवली.

योगिनी : नाहीच ठेवली. बाकीची मुलं खुश होती, एकमेकांचे फोटो बघत होती. मला कुणाशी बोलावं तेच कळेना. इतक्या माणसांत असं एकटं कधी वाटलं नव्हतं.

आप्पा : जेवलीस का?

योगिनी : जेवण होतं तिथं. ताट तसंच ठेवून बाहेर आले.

आप्पा : कुंडीत काय दिलंय?

योगिनी : कडुनिंब. हॉस्टेलात नेऊन काय करू? नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी.

आप्पा : तोंड धुतल्यालं पानी घाल. त्या झाडाचा काय गुन्हा?

योगिनी : घालते. तुम्ही माघारी कधी निघणार?

आप्पा : पाऊस पडला की. पन एक अडचन हाय बघ. मेंढरं जुन्या वाटंनं थेट तळ्यावर जात्यात. पुढची गेली की समदी तिच्यामागं. तार लागली तरी रेटीत राहत्यात, अंग फाडून घेत्यात. म्या एकटा किती वळवनार?

योगिनी : मग काय करायचं?

आप्पा : तू येशील का तवा, तारेपाशी? बाजूला लांब उभी राहून हाळी दे, म्हंजी तिकडं वळतील. तुझा आवाज वळखत्यात ती.