गादीखालची हाळी

...आणि वर पोरं मलाच म्हणत्यात, "काका, तुमी सुटला!" सुटलो? आवं, मी अडकलोच कवा व्हतो!

तुमास्नी सांगतो, सांगलीत ह्या कॉलेजच्या गेटासमोर माझं गाद्यांचं दुकान. बावीस वर्सं. हॉस्टेलात येणारं प्रत्येक पोरगं माझ्या गादीवर झोपतंय, माझ्याच उशीत तोंड खुपसून आईसाठी रडतंय... पण हाळी द्यायला? मला कुणी बोलावलंच न्हाई!

हाळी म्हंजे काय, तर पयल्या रविवारी नव्या पोरांना वडाखाली हुबं करायचं. मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. मग एकेकानं बोंबलायचं... नाव, गाव, बापाचा धंदा! तिकडं गेटवर वॉचमन भाऊसो, पलटणीतनं रिटायर झालेला गडी. त्याला ऐकू गेलं तर तो हात वर करणार. न्हाई केला, तर पुन्ना! माण तालुक्यातलं एक पोरगं, मेंढरांमागं वाढलेलं, पयल्या हाळीत पास! आणि विट्याच्या सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्याचा लेक? अकरा वेळा! घसा बसतोय, डोळ्यांत पाणी... आणि हात वर गेला की तेच शिनियर धावत येऊन त्याला खांद्यावर घेत्यात! गिऱ्हाईक म्हणतंय, "शेठ, लय दुष्ट प्रकार." मीबी म्हणतो, लय दुष्ट. आणि कापूस भरता भरता पुटपुटतोय... नाव, गाव, बापाचा धंदा.

बारावी झालो तवा ह्याच गेटातनं फॉर्म नेलावता मी. तेवढ्यात पिंजून पिंजून अब्बांच्या छातीत कापूस बसला, त्यांनी अंथरूण धरलं. फॉर्म ऱ्हायला कोरा, नि मी सायकलीवर गाद्या बांधून गल्लोगल्ली वरडत फिरलो. मला कुणी बोलावलंच न्हाई!

तर परवाचा रविवार, हाळीचाच. हमालानं दांडी मारली, म्हणून एक गादी मीच डोक्यावर घेऊन हॉस्टेलाकडं निघालो. नवी पोरंबी आपापल्या गाद्या डोक्यावर घेऊन चाललेली, मी त्यांच्यात. गादी खांद्यापातूर लोंबलेली, तोंड दिसतंय कुणाला? एवढ्यात वडाखालनं एक शिनियर कडाडला, "ए गादी! लायन सोडून कुठं? दे हाळी!"

काय सांगू... नजर आपसूक शर्टाच्या तिसऱ्या बटणावर गेली माझी! एक्कावन्न वर्सांची नजर! सांगता आलं असतं की, बाबा रं, मी दुकानदार. पण तोंड उघडलं नि...

"इलाही बशीर नदाफ! गाव कवठेमहांकाळ! बापाचा धंदा पिंजारी!"

वडावरचं कावळं उडालं! अब्बांचं नाव कॉलेजात पयल्यांदाच गेलं. गादीखालनं डोळं गेटाकडं... हात कुठाय? "पुन्ना!" दिली. हात न्हाई! तिसऱ्यांदा असा काय जोर लावला, की गादीच घसरली, नि खालनं निघाली माझी पांढरी दाढी.

"सॉरी काका! बसा काका! ए, पाणी आण रं काकांना!" तोच शिनियर, रविराज त्याचं नाव, पाया पडाय लागला! मी म्हणलं, "आरं, एकदा परत देऊ दे की..."

"न्हाई न्हाई काका, तुमाला माफ! तुमी सुटला!"

माफ! तेहतीस वर्सं माफच हाय की मला!

तसाच तणतणत गेटवर गेलो. "भाऊसो, तीनदा वरडलो! हात का वर केला न्हाईस रं?"

"आवं शेठ, आवाज आला की, पार रस्त्यापातूर! मला वाटलं, तुमी गाद्या इकताय."

...मग काय. चहा पाजला त्याला.