टिकलीवाला लॅपटॉप

महाग? हे बघा पाव्हणं, आधी हातात तर घ्या — घ्या की, लाजताय काय — बघा, वजन हाय का? पितळी ताट जड लागंल ह्याच्यापरीस. फकस्त झाकणावरच्या शिक्क्याजवळची ती टिकली खरवडू नका. तुमी सकाळच्या पारी आपल्या जिल्ह्यातल्याच वाशीवरनं निघालात, आमच्या ईट गावाला आलात, तुमच्या शिवांजलीसाठी आमचा रणधीर बघायला — आन् बघताय लॅपटॉप! बघा, खुशाल बघा. आल्यालं माणूस आधी त्योच बघतंय, मग पोरगं. पोरगं कुठं पळून चाललंय? पोरगं मीटिंगमधी हाय, मागं. व्हय, रविवारी बी. मोठ्या कंपनीला कसला आलाय रविवार, अमरसिंहराव! आं? लॅपटॉप इथं आन् मीटिंग मागं कशी? — मोबाईलवर! ह्यो मोठ्या मीटिंगला, बारक्या मीटिंगला मोबाईल. त्यो आवाज व्हय... त्यो मीटिंगमधलाच. लई जण येकदम बोलतात. आपल्या ग्रामसभेत न्हाईत का बोलत?

तर तुमचं म्हणणं, पाऊण लाख लई झाले, निम्म्या पैशात ह्याच्याहून मोठा आला असता. आला असता! म्या कवा न्हाय म्हणलं? ह्याच पैशात आठ शेळ्या आन् वर एक दांडगा बोकड बी आला असता — शेळ्यांचं मधीच कुठनं काढलं म्हणता? अवो, आमच्याकडं समदं शेळीवरच मोजत्यात, जुनी रीत हाय. पण लॅपटॉपातल्या मोठ्या कंपनीचं शेंडेफळ हाय हे. घरात सगळ्यात धाकटं, पण आडनाव तेच की! पाटलाचं बारकं पोरगं रांगत आलं तरी आपण सरकून जागा देतोच ना? तसं. आन् रणधीरला वापराय लागतंय, नुसतं शोभेला न्हाय ठेवलं. हाताखाली एकशेबारा हायती त्याच्या. एकशेबारा! समदी त्याच्या एका शिट्टीवर... म्हंजे एका शब्दावर चालतात. थांबा, उघडून दावतो. हा बघा तक्ता. हिरवं रंगवल्यालं म्हंजे ब्येस चाललंय, पिवळं म्हंजे ध्यान ठिवायचं, आन् तांबडं म्हंजे बाजार दावायचा — न्हाय, म्हंजे कामावरनं कमी करायचं. मोठ्या कंपन्यांत तसंच असतंय, निर्दयी असत्यात लोकं. ह्यो रकाना? वजन. प्रत्येकाचं दर पंधरा दिवसाला वजन. अवो, तब्येतीची काळजी घेती कंपनी! आपल्या इथं कोण घेतंय?

अगं ए, भांडी हळू आपट की! — आमची कस्तुरा, रणधीरची आई. पोहे करायलीय तुमच्यासाठी. एरवी तिच्या हातनं वाटी पडत न्हाय, आज सकाळपासनं तिसरं पातेलं पाडलं. पाव्हणे आले की गडबड उडती तिची.

हां, काय म्हणत होतो? किंमत. किंमत कशी वसूल व्हती ते इचारा. एकट्यानं वापरलं तर न्हाय व्हायची, ते कबूल. पण एकटा कशाला वापरंल? गोरोबाचा बालाजी हाय ना आमचा, पल्याडच्या आळीचा, मेंढरामागं जाणारा गडी — त्याला स्थळ आलं, त्यानं दोन तासासाठी नेला, मांडीवर ठिवला, आन् महिन्यात अक्षता पडल्या! मग बंडप्पाच्या पोरानं नेला. मग शिवलिंगप्पाच्या पुतण्यानं, मग आजून एकानं. पोरगी बघतीय, बाप बघतोय, मामा बघतोय, आन् मधी ह्यो शिक्का चमकायलाय — सांगा, आठ शेळ्या दारात बांधल्या असत्या तर कोणी अक्षता टाकल्या असत्या? चार लग्नं लावली ह्यानं आजवर! भटजीनं बी लावली नसतील ह्या वर्सात... पडलं का चौथं पातेलं? अगं ए, पडू दे! पाव्हणं घरचंच हायती!

न्हाय न्हाय, तसं न्हाय, पाव्हणं, गैरसमज नगं. दुसऱ्यांचं सांगायलोय म्या. आमच्या रणधीरचं निराळं, त्याचा सोताचा हाय, पावती बी हाय, कस्तुराच्या पेटीत. दुसऱ्यांना आपली मदत. आन् मदत करताना म्या काय लबाडी करायला सांगत न्हाय कुणाला, कायदा केलाय — लॅपटॉप उघडा ठिवायचा, पण बटन दाबायचं न्हाय. "पुण्याची कंपनी, घरून काम" येवढंच म्हणायचं, पगार इचारला तर नुसतं हसायचं. आन् दहा हाताच्या आत जनावर येऊ द्यायचं न्हाय. लगीन झालं की मग पोरी इचारत्यात, अवो, लॅपटॉप कुठंय तुमचा? मग सांगायचं, कंपनीनं माघारी घेतला. ईटमधी लग्न झालं की समद्यांच्याच कंपन्या लॅपटॉप माघारी घेतात. परवा चौघी सुना देवळात भेटल्या, बोलता बोलता एक म्हणती, "बाई, तुमच्या मालकांच्या लॅपटॉपवर बी टिकली होती का?" — पण एकीनं माहेरची वाट धरली का? इचारा कुणाला बी! उलट दोघींनी आमच्याकडनं करडं नेली पाळायला.

टिकली? ती व्हय... ती पूजेची. खंडेनवमीला आपण नांगराला, कोयत्याला हळदकुंकू लावतो, तसं कस्तुरानं ह्याला सोताच्या कपाळावरची टिकली काढून लावली. अवजारच की! लक्ष्मी हाय, काढायची न्हाय. — काय? आधी कुठं बघितली तुमी ही? बेंबळी गावाला? बेंबळीला कुणाकडं... दिवाळीनंतर? शिवांजलीसाठीच गेला होता तुमी? उजव्या हाताला कडं घातल्यालं पोरगं, बोलताना डोळे मिचकवतं? ...अवो, त्यो तर माज्या बहिणीचा पोरगा!

बसा. बसा, पाव्हणं, उठू नका असं. पाणी घ्या. मग तिथलं का मोडलं? — तुमी म्हणलात जरा चालू करून दावा, आन् त्याला करता आला न्हाय? व्हय तर, कसा येणार! पासवर्ड म्या दिला नव्हता त्याला. त्यो कायदाच हाय, बटन दाबायचं न्हाय. म्हंजे बेंबळीचं मोडलं ते माज्यामुळं, तवाच तुमी इथं आलात, म्हंजे एका अर्थी — आता नखानं खरवडलीच का ती? खरवडा. खरवडा, काय राह्यलंय आता. तिच्याखाली पोचा हाय. बोकडानं शिंग मारलंय. कंपनीत बोकड कुठनं आला म्हणून इचारताय का? मग ऐका.

कंपनी न्हाय. कंपनीबिंपनी काय न्हाय, पाव्हणं. ते एकशेबारा म्हंजे शेळ्या हायत्या. आपल्या हितल्याच, काळ्याभोर, कान लोंबल्याल्या. माणसं असती तर एवढी शिस्तीत ऱ्हायली नसती. ह्यो लॅपटॉप आणायला म्या सोता धाराशिवला गेलो, दुकानात. त्या सेल्समननं माज्यापुढं चार मांडले, म्हणला, बाबा, काम काय करायचंय? म्या म्हणलं, लगीन. म्हणला, लग्नाचे फोटो ठिवायचेत का व्हिडिओ? म्या म्हणलं, फोटो न्हाईत बाबा, लगीन व्हायचंय. गड्यानं बाकीचे तीन गुमान उचलून ठिवले, ह्यो एकटा माज्याकडं फिरवला, शिक्क्यावर फुंकर मारली, म्हणला, "मग ह्योच न्या. ह्याच्यात बाकी काय असो नसो." लई हुशार. त्याचं बी झालं नव्हतं अजून.

बत्तीसचा झालाय रणधीर. नऊ जण येऊन गेले तुमच्या आधी. पयल्यांदा म्या सरळ सांगितलं, शेळ्या पाळतो, गोठा बांधलाय, कुणाचं देणं न्हाय — पाव्हण्यानं तोंडात घातल्याला घास चावला बी न्हाय, ताट खाली ठिवलं. त्या दिवशी म्या शेळ्या इकून ह्यो आणला. आन् रणधीर काय म्हणला माहीत हाय? म्हणला, बाबा, आणलाच हाय तर वाया कशाला घालवायचा. आन् रात सरायच्या आत समद्यांची नोंद घातली त्यानं, कोण कवा गाभण, कुणाला दोन झाली, कुणाचं वजन घटलं. म्या फसवायला आणला, त्यो कामाला लावून बसला! नऊ वेळा पोरानं वासाचा साबण लावून आंघोळ केली, वर अत्तर — शेळीचा वास जावा म्हणून. आता तर बघायच्या दिवशी शेळ्याच त्याला वळखंना झाल्यात. जवळ गेला की बिथरून पळत्यात. बापाला ते बघवत न्हाय, अमरसिंहराव. खरं सांगतो, लई वाईट वाटतं. तुमचा पाय दारात पडायच्या आधी म्याच त्याला मागं कोंडलाय, एकशेबारा जीवांसंगट, तोंडातनं आवाज काढू नको म्हणून. त्यो एकटा गप हाय. बाकीच्यांना म्या काय सांगणार?

हं. बोला. मोकळ्या मनानं बोला, म्या राग न्हाय धरायचा. ...शेळीवाल्याला न्हाय देणार. शिवांजली बारावीच्या पुढं शिकलीय, तिला कंपनीतलाच पायजे. बरं. ठीक हाय. एकशेबारावरनं वर्सात दोनशे व्हतील, तरी न्हाय? न्हाय. बरं. तुमची लेक, तुमचा निकाल. दहावे तुमी. अगं ए, पोहे ऱ्हाऊ दे — न्हाय, आण, आण, केलेत तर खाऊन जाऊ देत.

आता का बसलात मग? बसा की, हाकलत न्हाय म्या. आजून काय इचारायचंय? इचारा, घसा खाकरू नका... पुढच्या रविवारी? पुढच्या रविवारी काय हाय? ...लॅपटॉप? तुमाला? म्हंजे — तुमच्या थोरल्याला. स्थळ येणार हाय. किती वयाचा? चौतीस! चौतीस, आन् करतो काय? ...बोला, बोला, हळू बोलू नका, घरातल्यांना बी ऐकू द्या. म्हशी!

म्हशी, पाव्हणं? किती? सहा? आमच्या एकशेबारा शेळ्यांना तुमची लेक न्हाय, आन् तुमच्या सहा म्हशींना दुसऱ्याची लेक पायजे, आन् त्यासाठी लॅपटॉप पायजे आमचा! आन् वर पुन्ना पासवर्ड बी पायजे — व्हय, त्यो बेंबळीवाला फसला म्हणून? अवो, कुणाच्या लेकीला खोटं सांगून नेता, शोभतं का तुमाला? — हसू नका. म्या बी तेच करायलो होतो, ते मला ठावं हाय. माज्या तोंडानं म्हणतोय म्हणून खोटं व्हतं का ते? अगं ए कस्तुरा, माज्या थापंला पाडत होतीस ना, आता पाड की पातेलं! आता का गप बसलीस?

ठिवा त्यो खाली. न्हाय, उलटा न्हाय, सरळ, आन् ती टिकली द्या इकडं, कस्तुराची हाय. लॅपटॉप न्हाय मिळायचा. पुढच्या रविवारी बी न्हाय, त्याच्या पुढच्या बी न्हाय. कामातला हाय त्यो. एकावन्न नंबरची शेळी आज-उद्या विणार, तिची नोंद कोण करंल, तुमची म्हैस? मघाशी इचारलं ना तुमी, एवढी किंमत देण्याजोगा हाय का म्हणून — हाय. आजच कळलं मला. — रणधीर! ए रणधीर! मीटिंग संपली, पोरा! दार उघड, सोड समद्यांना! मागनं न्हाय, पुढच्या दारानं येऊ दे, बैठकीतनं! आन् ते अत्तर पुसून ये!

तुमी चपला उचला, पाव्हणं. शेळी चामडं सोडत न्हाय.