मिलिमीटरभर फट

दातवाली : तुम्ही माझ्या होडीवालीला झोपेतून उठवलंत. शेवटच्या पानावर. मला न विचारता.

संपादक : आधी बसा. काका, ते प्रुफांचे गठ्ठे उचला, बाईंना खुर्ची द्या.

दातवाली : खुर्ची राहू दे. हे ऐका. ‘तेवढ्यात तिला जाग आली. खिडकीतून ऊन आत आलं होतं. नदी नव्हती, राजाही नव्हता.’ हे मी लिहिलेलं नाही. अकरा वर्षं लिहितेय मी हे पुस्तक. त्यात ती एकदाही झोपलेली नाही.

संपादक : अहो, तीन वाक्यं आहेत.

दातवाली : विषही चमचाभरच लागतं.

संपादक : बाई, जरा माझ्या खुर्चीतून बघा. नदीच्या तळाशी राजा, त्याला शाप, रोज उजाडलं की सगळ्याचा विसर पडतो. आणि ही साठीची होडीवाली रोज सकाळी पाण्यात उतरणार, हसणार, आणि तिच्या पुढच्या दातांतली फट बघून हा तिला ओळखणार. शेवटच्या पानापर्यंत. कुणाला पटेल? स्वप्न म्हटलं की सगळं पचतं. नाहीतर लोक हसतील.

दातवाली : हसतील त्यांचे दात दिसतील. दात बघण्यातच माझी इतकी वर्षं गेलीत.

संपादक : तुम्हाला कसलं हसू येतंय, काका?

मुद्रितशोधक : छे, छे. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघतो.

संपादक : तेच तर म्हणतोय मी, बाई. तुम्ही कवळ्या बनवता. केवढा अनुभव आहे तुमच्याजवळ. ती लॅब, ती प्लास्टरची धूळ, मालकाची बोलणी. ते लिहा, डोळे मिटून छापतो. कामकरी बाईचं अस्सल जगणं.

दातवाली : धूळ मी दिवसभर खाते, साहेब. घरी येऊन ती कागदावर पण खाऊ? तुमचं बरं आहे, उंटावरून शेळ्या हाकायच्या. आम्ही घाम लिहायचा. आणि राजा-राणी कुणी लिहायचे? ज्यांची पाठ दुखत नाही त्यांनी?

संपादक : चिडू नका. मला खरंच कळत नाही म्हणून विचारतो. दिवसभर लोकांचे दात करायचे आणि संध्याकाळी नदीखालचं प्रेम लिहायचं. हे येतं कुठून?

दातवाली : माझ्या चुकीतून आलंय. ऐकायचंय?

संपादक : बोला. पण प्रुफं दुपारी छापखान्यात जायची आहेत.

दातवाली : नव्यानेच लागले होते लॅबमध्ये. एका आजींच्या कवळीचं काम आलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलेलं, पुढच्या दोन दातांत फट ठेवा. म्हटलं, डॉक्टर घाईत चुकला असेल. पैसे मोजून फट कोण मागतं? मी मेणात दात एकमेकांना चिकटून बसवले. मोत्यांची रांग. कवळी पाठवली आणि शाबासकीची वाट बघत बसले.

मुद्रितशोधक : मग?

दातवाली : पाचव्या दिवशी आजी स्वतः आल्या. पेशंट कधी लॅबमध्ये येत नाही, काका. आम्ही फक्त त्यांचे प्लास्टरचे जबडे बघतो. त्या आल्या, तोंडावर रुमाल धरून. म्हणाल्या, पोरी, आमचे हे सगळं विसरलेत. माझं नाव, स्वतःचं घर, सगळं. पण मी हसले की म्हणायचे, ‘अरे, तू होय.’ दात काढले तेव्हा सांगितलं त्यांना, थोडे दिवस कळ काढा. आणि आता चार दिवस मी हसतेय, आणि हे मला विचारतात, ‘बाई, आपण कुणाकडे आलात?’

संपादक : हं.

दातवाली : ओरडल्या नाहीत हो. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून दुसरी कवळी केली. फट मिलिमीटरभर. आजींकडून त्यांचा जुना फोटो मागून घेतला, तो समोर ठेवून घासली. मालक म्हणाला, तुझ्या पगारातून कापतो. म्हटलं, काप. घरी नेऊन दिली. आजींनी तिथेच दारात ती घातली, आरशात पाहिलं, आणि आत गेल्या. दार लागलं.

मुद्रितशोधक : ओळखलं का त्यांनी?

दातवाली : मला माहीत नाही, काका. जिन्यात उभी राहिले बराच वेळ. आतून काही ऐकू आलं नाही. दार वाजवायची हिंमत झाली नाही. त्याच जिन्यात पहिलं वाक्य सुचलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीमागे लिहून काढलं.

संपादक : म्हणजे खरं काय झालं ते तुम्हालाही ठाऊक नाही. ओळखलंही नसेल.

दातवाली : नसेल. म्हणून तर राजा लागला. शाप लागला. नदी लागली. साध्या खोलीत ते मावत नव्हतं.

संपादक : छान बोलता तुम्ही. पण निर्णय माझा आहे. प्रुफं मान्य म्हणून इथे खाली सही करा. नाहीतर या महिन्यातली तुमची जागा दुसऱ्या पुस्तकाला जाईल. आणि असलं पुस्तक घेऊन दुसरं कुणी तुम्हाला दारात उभं करणार नाही, हेही सांगून ठेवतो.

मुद्रितशोधक : साहेब, एक सांगू?

संपादक : ऱ्हस्व-दीर्घ?

मुद्रितशोधक : नाही. प्रुफं मी घरी नेली होती. आमच्या मंडळींनी वाचली. कालवण करपलं, तरी उठल्या नाहीत. शेवटचं पान वाचलं आणि गठ्ठा बाजूला सारला.

संपादक : काही म्हणाल्या?

मुद्रितशोधक : म्हणाल्या, तुमच्या साहेबांना कधी कुणी हसण्यावरून ओळखलेलं दिसत नाही.

(संपादक पेनाचं टोपण लावतो, पुन्हा काढतो.)

संपादक : काका, तुम्ही बाहेर जा.

दातवाली : काका कुठेही जाणार नाहीत. आणि मी सही करणार नाही. अकरा वर्षं गेली, आणखी अकरा जातील. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं दात बसवून भरतं. तुमच्या छपाईवाचून माझी चूल अडलेली नाही. ती तीन वाक्यं काढा, नाहीतर माझे कागद द्या, मी निघते.

संपादक : एवढा हट्ट कशासाठी? एका स्वप्नाने काय बिघडतं?

दातवाली : मी एकदा कुणाची तरी फट बुजवली होती, सुधारणा म्हणून. निदान ती परत पाडायला मी दोन जिने चढून गेले. तुम्ही या खुर्चीत बसून, तीन वाक्यांत ठरवून टाकलंत, की आजोबांनी आजींना ओळखलं नाही. मग एवढंच सांगा, साहेब, आणि काकांसमोर सांगा. ते दार तुम्ही उघडून पाहिलं होतं का?