मसुराएवढा डाग

बायको : पाठ दुखते म्हणालास.

नवरा : दुखतेच आहे.

बायको : काल कपाट एकट्यानं सरकवलंस. मागे पडलेला चमचा काढायला.

नवरा : त्यानंच तर दुखायला लागली.

बायको : कपाट काल सरकवलंस. ठमीला उचलायचं बंद करून अकरा दिवस झाले. पाठीला आधीच स्वप्न पडलं होतं का?

नवरा : हळू बोल. आत्ताच झोपलीये ती.

बायको : उठली तर उठू दे. उठली की मलाच घ्यायचीये. तुला त्याचं काय?

नवरा : दिवस मोजतेस होय तू?

बायको : मोजत नव्हते. तू मोजायला लावलंस. आधी सर्दी झाली, म्हणे डॉक्टरांनी लांब राहा सांगितलंय. कुठले डॉक्टर, तर कामावरचे. मग मान धरली. मग 'माझे हात गार आहेत, ती दचकेल.' या उकाड्यात गार हात! सात महिन्यांच्या पोरीला सुद्धा खरं वाटलं नसतं.

नवरा : तू उगाच...

बायको : थांब, झालं नाही माझं. कामावरून आलास की तडक बाथरूममध्ये. अर्धा अर्धा तास. कोपरापर्यंत हात घासतोस. मी फटीतून पाहिलंय.

नवरा : फटीतून?

बायको : दार नीट लागत नाही हे सहा महिने सांगतेय तुला.

नवरा : कामच तसलं आहे. स्वच्छतेचं. यानाच्या अंगाला धूळ चालत नाही, तुला माहीत आहे.

बायको : मग जाताना घास की. येऊन कशाला घासतोस? तीन वर्षं प्रयोगशाळेत काढलीत मी. आता दुपट्यांच्या ढिगाखाली ती पदवी दिसत नाही, ते सोड. पण माणूस कोपरापर्यंत हात कधी घासतो, ते मला कळतं.

(दुपारची वेळ. आतल्या खोलीत ठमी झोपली आहे. दोघंही दबक्या आवाजात बोलताहेत. बायकोला मधूनच त्याचा विसर पडतो.)

नवरा : काय कळतं?

बायको : काहीतरी सांडलंय तिथं. तुझ्या अंगावर उडालंय, नाहीतर श्वासातून गेलंय, आणि कामावरच्यांनी तुमच्या तोंडांना कुलूप लावलंय.

नवरा : तसलं काही नाही. शपथ.

बायको : शपथ नको. सर्दीची पण घेतली होतीस.

नवरा : अगं, खरंच...

बायको : ठीक आहे. मग उद्या सकाळी तिला दवाखान्यात नेते. रक्त तपासायला सांगणार आहे. वेळ घेतलीये.

नवरा : रक्त?

बायको : हो. सगळं तपासा म्हणणार. तुझ्या अंगावरचं तिच्या अंगाला लागलं असेल, तर ते मला आत्ता कळायला हवं. ती शाळेत जायला लागल्यावर नको. तू पण ये. सुई टोचताना तिचा दंड धरायला कुणीतरी लागेल. पाठ साथ देत असेल तर.

नवरा : नको. ती वेळ रद्द कर.

बायको : का?

नवरा : तिला टोचू नका. तिला काही झालेलं नाही.

बायको : तुला काय माहीत?

नवरा : कारण तिथलं इथं काही आलेलं नाही. इथलं तिथं गेलंय.

बायको : म्हणजे?

नवरा : तेल. ठमीच्या मालिशचं.

बायको : नीट सांग. पहिल्यापासून.

नवरा : तू तापानं पडली होतीस, त्या बुधवारी. मी म्हटलं, तू पडून राहा, आज मी तिला तेल लावतो. लावलं. हात धुतले, साबणानं, दोनदा. गेलो कामावर.

बायको : तुम्हाला तर अंगाला काहीच लावून जायचं नसतं.

नवरा : नसतं. तेल नाही, पावडर नाही, क्रीम नाही. तशी सही केलीये मी. पण मी हात धुतले ते मनगटापर्यंत. त्याच्या वर राहिलं असणार. आत हातमोजे होते, दोन-दोन. पण यानाच्या शील्डवर, त्या ऊन अडवणाऱ्या ढालीवर, लांब हात केला की बाही वर सरकते, आणि मोजा नि बाही यांच्यात एवढीशी फट पडते. बोटभर.

बायको : आणि तेवढ्यात तेल लागलं?

नवरा : संध्याकाळी निळ्या दिव्याखाली तपासणी असते. साध्या उजेडात पांढऱ्यावर काही दिसत नाही. निळ्या दिव्यात तेल चमकतं. चमकलं. मसुराएवढं.

बायको : मसुराएवढं! आणि त्यासाठी तू अकरा दिवस पोरीला शिवला नाहीस?

नवरा : तिला घेतलं की त्याच तेलाचा वास येतो. मग मला ते निळं दिसतं. परत हाताला लागेल अशी भीतीही वाटते. म्हणून घासतो.

बायको : पण एवढ्याशा डागानं काय होतंय एवढ्या मोठ्या यानाला?

नवरा : शील्ड शोभेसाठी पांढरं नसतं. पांढरं ऊन परतवतं. तेल तापलं की करपतं, काळं पडतं. आणि काळं ऊन पितं. सूर्याजवळचं ऊन आपल्या गच्चीवरचं नाही. शेकडो पट आहे. एका जागी प्यायला लागलं, की ती जागा तडकते. आणि मागे सगळी यंत्रं आहेत.

बायको : पण तू पुसलंस असणार. तुला मी ओळखते.

नवरा : पुसलं. स्पिरिटच्या बोळ्यानं. दोनदा स्पिरिटनं, मग एकदा कोरड्यानं. चमक गेली.

बायको : मग संपलं की!

नवरा : ते वरचं पांढरं कोटिंग पुसायचं नसतं. खडूसारखं असतं ते. घासलं की पातळ होतं. किती पातळ झालं, मला माहीत नाही. मोजायचं यंत्र आहे, पण ते काढायचं तर वहीत कारण लिहावं लागतं.

बायको : आणि तू लिहिलं नाहीस.

नवरा : नाही.

बायको : तिथं एकटा कसा होतास? दोघं लागतात ना तपासणीला? तुझा जोडीदार, तो लंबू, कुठं होता?

नवरा : त्याच्या चष्म्यावर वाफ धरली म्हणून बाहेर गेला होता. परत आला, म्हणाला, सगळं ठीक? मी म्हटलं, ठीक. त्यानं सही केली.

बायको : न बघता?

नवरा : माझ्या शब्दावर. सहा वर्षं एकत्र काम करतोय आम्ही.

बायको : तेव्हाच का नाही सांगितलंस वर?

नवरा : घाबरलो. हातानं आपोआप पुसलं. पुसल्यावर सांगायचं म्हणजे दोन गुन्हे. आणि तेल कुठलं, कुणी लावलं, घरी कोण आजारी होतं, सगळं निघालं असतं.

बायको : म्हणजे मला ताप आला म्हणून झालं सगळं.

नवरा : मी असं म्हटलं नाही.

बायको : मनात म्हटलंस. अकरा दिवस.

नवरा : पहिले दोन दिवस म्हटलं. मग नाही.

बायको : निदान हे तरी खरं बोललास. आता पुढचं सांग. ते शील्ड कुठंय?

नवरा : तिथंच. उद्या दहाला त्यावर कव्हर चढणार. मग ती बाजू परत कुणी बघणार नाही. यान जाईल. सूर्याजवळ पोचायला तीन वर्षं लागतील.

बायको : आणि तिथं जाऊन तडकलं, तर तुझ्यामुळे तडकलं हे कुणाला कळेल?

नवरा : कुणालाच नाही. संपर्क तुटेल, समिती बसेल, दहा कारणं लिहितील. त्यात मी नसेन.

बायको : आणि नाहीच तडकलं तर?

नवरा : तर मी तीन वर्षं उगाच झुरेन.

बायको : आपण. आता माझ्याही गळ्यात घातलंस ना.

नवरा : तूच विचारलंस.

बायको : विचारणारच. लग्नाआधी बागेतल्या बाकावर बसवून तीन तास सांगत होतास मला. सूर्यावर वादळ उठलं की इथं काय काय बंद पडतं. विमानं चुकतात, वीज जाते, दवाखाने अंधारात. मी इतकी कंटाळले होते! पण म्हटलं, ज्याला एवढ्या लांबच्या वादळाची काळजी वाटते, तो घरातल्या माणसाची करेल.

नवरा : अजूनही ती वादळं कळतात दारात आल्यावर. यान जवळ गेलं, तर उठतानाच कळतील. तेवढ्यासाठी म्हातारे साहेब अकरा वर्षं त्या शील्डमागे आहेत. रोज येऊन काचेतून बघतात. माझ्या खांद्यावर हात ठेवतात. त्यांना मी तोंड कसं...

बायको : फोन कर.

नवरा : आज रविवार आहे.

बायको : तुमच्या तपासणीच्या मॅडमना रविवार असतो? तूच म्हणतोस, त्या झोपेत पण रकाने भरतात.

नवरा : तुला कळतंय का काय होईल? स्वतःहून सांगितलं तर थोडी सूट असते, नोकरी टिकू शकते. मागाहून सापडलं तर फाटकावरच पास काढून घेतात.

बायको : मग स्वतःहून सांग. आज.

नवरा : आणि लंबू? त्याला आधी सांगायला नको?

बायको : त्याला सांगितलंस तर तो काय म्हणेल?

नवरा : गप्प बस म्हणेल.

बायको : आणि तू बसशील. म्हणून आधी मॅडम. कर फोन, नाहीतर मी करते. आणि स्पीकरवर ठेव.

नवरा : स्पीकर कशाला?

बायको : तू कानाला लावून 'हो हो' म्हणशील, आणि मला येऊन सांगशील, झालं सगळं.

नवरा : इतका पण विश्वास नाही?

बायको : होता. अकरा दिवसांपूर्वीपर्यंत.

नवरा : लावतोय... वाजतोय. तू बोलू नकोस मध्ये.

मॅडम : हं. उद्या सुट्टी मिळणार नाही.

नवरा : सुट्टी नको, मॅडम. उद्याचं कव्हर थांबवावं लागेल.

मॅडम : कोण म्हणतं?

नवरा : मी.

मॅडम : थांबा, कागद घेते. हं. जागा?

नवरा : सूर्याकडची बाजू. खालून तिसरी रांग. डाव्या कडेपासून साधारण...

मॅडम : साधारण नको.

नवरा : एकवीस सेंटिमीटर.

मॅडम : कशानं मोजलंत?

नवरा : डोळ्यांनी. रोज काचेतून बघतो.

मॅडम : काय होतं तिथं?

नवरा : तेल. बाळाच्या मालिशचं. माझ्या मनगटाचं. अकरा दिवसांपूर्वी, बुधवारी, निळ्या दिव्यात दिसलं. मी पुसलं.

मॅडम : वरून खाली, की गोल?

नवरा : गोल.

मॅडम : गोल.

नवरा : हो, मॅडम.

मॅडम : किती वेळा?

नवरा : दोनदा.

बायको : मला तीनदा म्हणालास.

नवरा : तीनदा. तिसऱ्यांदा कोरड्यानं.

मॅडम : दोन की तीन? एक आकडा सांगा.

नवरा : तीन.

मॅडम : कोरड्यानं पुसलंत ते सगळ्यात वाईट. जोडीदार?

नवरा : चष्मा पुसायला बाहेर गेला होता. सही माझ्या शब्दावर केली त्यानं. त्याला काही माहीत नाही.

मॅडम : मग आज त्याला फोन करू नका. मी विचारेन.

नवरा : मॅडम, यानाचं काय होईल?

मॅडम : कव्हर चढणार नाही. जाडी मोजू. पातळ निघाली तर तेवढा भाग नव्यानं करावा लागेल. उड्डाणाची तारीख हलते का, ते वरचे बघतील. साहेबांना मी आज सांगते. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून ऐकायला नको.

नवरा : मी सांगू का त्यांना?

मॅडम : तुम्ही उद्या सांगा. तोंडानं. सात वाजता या. आत नाही, ऑफिसात. पास घेऊन या.

बायको : पास कशाला? विचार ना.

नवरा : पास... परत घेणार?

मॅडम : ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात फॉर्म आहे. शेवटचा रकाना राहिलाय.

नवरा : विचारा.

मॅडम : तुम्ही हे स्वतःहून सांगताय, की कुणी सांगायला लावलं?

बायको : स्वतःहून म्हण.

मॅडम : ऐकताय ना?

बायको : अरे, म्हण ना. स्वतःहून!

नवरा : बायकोनं सांगायला लावलं, मॅडम. मी गप्पच बसणार होतो.

मॅडम : त्या काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं.

नवरा : हो.

मॅडम : तुम्ही म्हणालात, ते लिहिते.