खोळीत दोन विहिणी

हॅलो?... हॅलो... हां, बोल गं. थांब, जरा तळ्याच्या कडेला येते, तंबूपाशी रेंजची एकच काडी दाखवतंय... हां, आता बोल.

काय?... अगं हळू! कानठळ्या बसल्या माझ्या.

हो, पाहिला असशीलच. तुझ्या सासूबाईंनीच टाकला तो फोटो, मी नाही. मी म्हटलंसुद्धा, विहीणबाई, सुजलेला डोळा कशाला दाखवायचा सगळ्यांना? तर म्हणाल्या, दिसू दे, मी सुट्टीला गेलेय हे कळू दे घरात.

...नाही, ॲलर्जीबिलर्जी काही नाही. मुरकुटं चावली गं! तिळाएवढा जीव, पण चावलं की आग आग नुसती. शेजारच्या तंबूत एक नर्सबाई आहेत, त्यांनी नीट बघितलं, मलम लावलं. उद्यापर्यंत सूज उतरेल म्हणाल्या. श्वास ठीक, ताप नाही, आणि भूक तर विचारूच नकोस.

मला? मला काय धाड भरलीये? हातापायांची चाळण झालीये, तेवढंच. खाजवते आणि फिरते.

...होती ना जाळी! होती म्हणजे... अगं ऐक ना. हसू नकोस आधी. मीच शिवली, दुकानात बसून. दोन बायका आरामात झोपतील एवढी, एका बाजूला चेन. काल संध्याकाळी आत शिरलो, बघते तर चेन ओढायची ती बाहेरून! काय करू? सगळा जन्म गाद्या-उशांच्या खोळी शिवण्यात गेला. खोळीची चेन बाहेरूनच ओढतात. आत माणूस बसणार आहे, हे माझ्या हातांना काय ठाऊक?

हस, हस. तुझ्या सासूबाईपण अशाच हसल्या, पोट धरून. आम्ही दोघी आत, चेन उघडी, आणि तळ्यावरचे झाडून सगळे डास जेवायला.

...मग काय, सकाळी जाळीच उलटी केली, आतली बाजू बाहेर. शिवण दिसते, दोरे लोंबतायत. गिऱ्हाइकाला अशी दिली असती तर तोंडावर फेकली असती. पण चेन आतून लागते आता! एका डासाची बिशाद नाही शिरायची.

...काय केलंस?... जावईबापूंना पाठवलंस? कशाला?... न्यायला? मला न विचारता? बरं, मला राहू दे. सासूबाईंना विचारलंस?

हो, हो... काळजीपोटी, कळलं मला. अगं पण ऐक ना. तुझे सासरे गेल्यापासून त्या बाई दवाखाना सोडून कुठे गेल्या, सांग. खिडकीपाशी एक खुर्ची, आणि तिन्हीत्रिकाळ तुमचं आपलं, 'आई, तुम्हाला झेपायचं नाही.' जिना झेपायचा नाही, ऊन झेपायचं नाही. आज डोळा सुजला म्हणून उचलून नेलंत ना, तर संपलं. परत उंबरठा ओलांडू देणार नाही तुम्ही. आणि त्याही पुन्हा विचारायच्या नाहीत. तेच मला बघवत नाही!

...मी भडकवते? बरं, भडकवते! लेकीच्या संसारात नाक खुपसू नये, कळतं मलाही. इतकी वर्षं मूग गिळून बसलेच ना? झालं तेवढं पुरे झालं.

...डासांचं काय घेऊन बसलीस? घरी काय डास चावत नाहीत? तिथले ओळखीचे, एवढाच फरक.

थांब, थांब. गाडी आली वाटतं... हो, तेच. उतरले ते थेट चिखलात... नाही, मी नाही पडत मध्ये. तुझी शप्पथ. गप्प उभी आहे.

...विहीणबाई जाळीतच बसल्यात, इथून चार पावलांवर. ते म्हणतायत, आई, चल, पिशव्या मी घेतो... त्या खाली बघतायत गं. अशाच बघतात ना घरी... थांब जरा.

ऐकलंस?... नाही ऐकू आलं? म्हणाल्या, 'मी येत नाही.' हो! ओरडून नाही, साध्या आवाजात. 'मी येत नाही, रविवारी येईन.' बाई गं! लेकाला नाही म्हणाल्या!

...ते काय करणार? उभे आहेत. स्वतःच्याच गालांवर चापट्या मारतायत. मुरकुटांना ताजा पाहुणा मिळाला.

हॅलो?... हॅलो... अगं, रडतेस?... काय?... तुलापण? तुलापण यायचं होतं आमच्याबरोबर? मग बोलली का नाहीस वेडे?

...जावईबापूंना आवडणार नाही म्हणून.

...नाही. मी नाही सांगायची त्यांना. तू सांग... घरी आल्यावर नाही, आत्ता. काही नाही होत. विहीणबाईंना काय झालं? बसल्यात की मजेत... अगं सुचेल, तोंड उघडलं की सुचतं. थांब.

जावईबापू, हा घ्या फोन. बायको आहे तुमची. मध्ये बोलू नका, नुसतं ऐका. डास मी वारते.