साडूचं कार्ड

...अहो, शिरा काय आम्ही कधी खाल्ला नाही? पण विमानतळाच्या लाउंजमधला, क्रेडिट कार्ड दाखवून, दोन रुपयांत... आणि वर त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर! तुम्हाला सांगतो, हा आमचा साडू सुखदेव, विश्रांतवाडीला राहतो, पगार माझ्यापेक्षा कमी, तरी बायकोला, म्हणजे आमच्या मेव्हणीला, आम्रपालीला घेऊन विमानानं गोव्याला! कसा? तर म्हणे, "दाजी, तिकिटं कार्डाच्या पॉइंटवर आली." पॉइंट! आम्हाला तीस वर्षांत वाण्यानं फार तर कॅलेंडर दिलं. पण आपल्याला काय, आपण रोखीवाले!

जळत होतो, खोटं कशाला बोलू? त्यात आमची शैला, "आम्रपाली काय फ्रेश दिसतेय हो फोटोत!" कार्डानं फ्रेश होतात माणसं? मी म्हटलं, कार्ड म्हणजे उधारी, आपल्या घराण्यात कुणी... "बरं," म्हणाली. बस्स, एवढंच. ते 'बरं' तीन दिवस घशात अडकलं माझ्या, चौथ्या दिवशी कोथरूडच्या बँकेत हजर!

तिथली मुलगी, चैताली, कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणते, "काका, तुमचा सिबिल स्कोअरच नाहीये." म्हणजे वाईट? "वाईट नाही हो, नाहीच. तुम्ही कधी कर्जच घेतलं नाहीत ना!" अहो, पाटबंधारे खात्यात पस्तीस वर्षं झाली, कुणाचा छदाम बुडवला नाही मी! "घेतलाच नाहीत, तर बुडवणार कसा, काका?" घ्या! आणि तो सुखदेव, फ्रीजपासून फटफटीपर्यंत सगळं हप्त्यावर, त्याचा स्कोअर आठशे! जाऊ दे... आपल्याला काय, आपण रोखीवाले!

तणतणत घरी आलो, शैलाला सगळं सांगितलं. हसलीसुद्धा नाही हो. उठली, पर्समधून एक निळं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. स्वतःचं! चार वर्षं वापरतेय! शाळेत शिकवते ना, बँकेनं बोलावून दिलं म्हणे. मी म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तुमचं ते घराण्याचं भाषण कोण ऐकणार?"

आपण रोखीवाले... घरात एकटेच!

मग तिनंच तिच्या खात्यावर मला जोडकार्ड मागवून दिलं. छापलंय माझं नाव, पण खर्चाचा मेसेज, दुकानाच्या नावासकट, जातो तिच्या मोबाइलवर. काल कर्वेनगरच्या चौकात कार्ड टेकवून ऐटीत आइस्क्रीमवाली मस्तानी घेतली... पहिला चमचा तोंडात जायच्या आत फोन!

"अहो, डॉक्टरांनी साखर बंद केलीय ना?"